कॉफीच्या भांड्यावरचं नाव

९ सप्टेंबर २०२४

आज हर्षाची पेटी उघडली. हिंमत आली म्हणून नाही — आत झुरळं झाली असतील म्हणून. तिचा चष्मा, भिंग, आणि मऊ फडक्यात गुंडाळलेली चार भांडी. चहाचं, कॉफीचं, साखरेचं, दुधाचं. कॉफी तर आमच्या घरी कधी झालीच नाही. फ्रान्सची जुनी चांदी. दुखणं घेऊन नागपूरहून घरी आली तेव्हा ही पेटी छातीशी धरून आणली होती पोरीनं. कपड्यांची बॅग बापाले दिली, पेटीले हात लावू दिला नाही.

हे दारात उभे राहून पाहून राहिले होते. म्हणाले, "ठेव ना आता. कायले काढते?" मी म्हटलं, तुम्ही जा. गेले. पोरगी गेल्यापासून आम्ही दोघं असेच बोलतो.

१० सप्टेंबर

तिचं शिकवणं आठवते. मी जन्मभर शाळेत शिकवलं, आणि शेवटी तिनं मले शिकवलं. खाटेवर बसून, हाताले सलाईनची पट्टी — "आई, भिंग धर. ठशातली बाई दिसली का?" दिसली. तिळाएवढं तोंड, डोक्यावर टोप. "ही असली म्हणजे चांदी खरी. आणि हा पतंगासारखा शिक्का, याच्यात कारागिराची अक्षरं राहतात. पतंग असला तर चांदी, चौकोन असला तर नुसता मुलामा." मोठ्या कारागिरांची नावं सांगे. ओदियो. प्युइफोर्का. मी म्हटलं, प्युइफोर्का गाव मोहाडीच्या अलीकडे का पलीकडे? पोट धरून हसली. मग ढास लागली. मलेच मेल्याहून मेल्यासारखं झालं — काहून हसवलं तिले!

या संचाचा कारागीर काही तिले सापडला नाही. कोणी लहान माणूस असेल म्हणे. कॉफीच्या भांड्याच्या पोटावर दोन अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत, ती पहिल्या मालकिणीची. ती नोकरी करे त्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गिऱ्हाईकं म्हणायची, अशी अक्षरं घासून काढा. ही भांडायची त्यांच्याशी. "आई, कोणाच्या तरी लग्नात दिलं असेल ना हे. आपल्यात नाही का आंदणाच्या भांड्यावर नाव टाकत? घासलं की तिथं खोलगट राहते. बाई होती तिथं खड्डा." त्या दिवशी चांगली होती. वरणभात मागून खाल्ला.

१३ सप्टेंबर

रविवारी तिचं पुण्यानुमोदन. विहाराले द्यायले वरणभाताचे दोन मोठे पितळी गंज घेतले आणि नाव टाकायले परसरामकडे गेली. भंडारा पितळेचं गाव, पण नाव टाकणारे हात आता मोजकेच उरले. परसराम म्हणाला, "मॅडम, कै. लिहू?" म्हटलं, आमच्यात कालकथित लिहितात. त्यानं मशीन लावलं. क, मग काना... मले पाहवलं नाही. बाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिली.

मग पिशवीतून कॉफीचं भांडं काढलं. घरून नेलंच होतं, काहून नेलं ते तोवर मलेच माहीत नव्हतं. म्हटलं, याच्यावर नुसतं हर्षा. त्यानं उलटंपालटं करून पाहिलं. "चांदी दिसते. पक्कं ना?" पक्कं. मशीन बाजूले ठेवून त्यानं छिन्नी घेतली आणि टिंब टिंब करत नाव टाकलं, त्या परदेशी बाईच्या अक्षरांच्या बरोबर खाली. सुंदर टाकलं. एका तरी भांड्यावर तिच्या नावाआधी तो शब्द नको होता मले.

१५ सप्टेंबर

विहारात गर्दी. वरठीहून ह्यांचे स्टील प्लांटमधले जुने सोबती आले. वंदना झाली. पंगतीत कोणी तरी नाव वाचून ओरडलं — "हर्षाचा गंज इकडं आणा!"

मी भिंतीले टेकून बसली. मग उठून वाढलं.

२० सप्टेंबर

नागपूरहून चंद्रकुमार शेठचा फोन. हर्षा त्यांच्याच जुन्या वस्तूंच्या दुकानात होती. आधी ह्यांची तब्येत विचारली. मग म्हणाले, "ताई, कसं सांगू... वो चांदी का सेट दुकानाचा आहे. बेटी घरी बसून सफाई करतो म्हणाली, फोटो काढतो म्हणाली, म्हणून दिला होता. घाई नाही. दसऱ्यानंतर येऊन नेतो."

फोन ठेवला. ह्यांले म्हटलं, माझी भांडी म्हणायची हो ती! दहादा म्हणाली, आई माझी भांडी दे, आई माझी भांडी पूस!

हे म्हणाले, "तू नव्हती का शाळेतल्या पोरायले माझी पोरं म्हणत?"

खरं आहे. आणि मी दुसऱ्याच्या चांदीवर आपल्या पोरीचं नाव कोरून बसली.

२३ सप्टेंबर

परसरामकडे. विचारलं, निघते का? तो अंगठा फिरवत राहिला नावावरून. "निघते. पण नाव नाही निघत बाई, नावाखालची चांदी निघते. पत्रा पातळ हाये. खोलगा दिसनच." मी भांडं पिशवीत टाकलं. रिक्षात बसेपर्यंत दम धरला.

कोणत्या तोंडानं काढू? आणि न काढता कोणत्या तोंडानं देऊ? पोरीनं त्या धंद्यात नाव कमावलं होतं. शेठ म्हणतील, हर्षाच्या घरी वस्तू दिली आणि खराब होऊन आली.

१२ ऑक्टोबर

दसरा. यंदा दीक्षाभूमीले गेलो नाही. नागपूर नावच नको वाटते.

१९ ऑक्टोबर

शेठ आले. चहा केला, स्टीलच्या कपात दिला. त्यांनी पेटी उघडायच्या आत मीच बोलली. एका दमात. कोणाची वस्तू ते माहीत नव्हतं, पण चूक माझीच, पोरीले बोल लावू नका.

त्यांनी भांडं खिडकीजवळ नेलं. पाठ आमच्याकडं. मग हळूच म्हणाले, "बघतो काय करता येते. तुम्ही चिंता नका करू, ताई." ओरडले असते तर बरं झालं असतं. त्या मऊ आवाजात सगळं कळलं — घासणार.

तेच फडकं गुंडाळून राहिले होते. म्हटलं, फडकं राहू द्या. त्यांनी लगेच दिलं, भांडी आपल्या रुमालात आणि कागदात बांधली. पेटी गाडीपर्यंत ह्यांनी उचलून नेली. परत आल्यावर म्हणाले, "काहीच वजन नव्हतं."

२० ऑक्टोबर

दोनदा गेली पोरगी. एकदा दवाखान्यातून, एकदा घरातून.

२ नोव्हेंबर

शेजारच्या सुलोचनाबाई दिवाळीचा फराळ घेऊन आल्या. म्हणाल्या, मन रमवा. हो म्हटलं. मन काय लेकरू आहे, खुळखुळा दिला की रमायले? चिवडा तसाच पडला आहे.

९ नोव्हेंबर

धान कापणीचे दिवस. आंधळगावहून दिराचा निरोप आला, येऊन जा. गेलो नाही.

जेवताना हे एकदम म्हणाले, "आता घासलं असन का?" म्हणजे हेही तेच मनात घेऊन बसले होते इतके दिवस. आणि मी समजत होती मी एकटीच. फडकं उशीखाली आहे. पॉलिशचा वास येते, तिचा नाही.

२४ नोव्हेंबर

शेठचा फोन. संच गेला, पुण्याच्या कोण्या बाईनं घेतला. मी म्हटलं, चांगलं झालं, आणि फोन ठेवायले लागली. तर म्हणाले, "ऐका ना ताई. तिनं विचारलं, हे खालचं नाव कोणाचं? मी सांगितलं, एक मालकीण फ्रान्सची, दुसरी भंडाऱ्याची. म्हणाली, राहू द्या मग दोघी." मी विचारलं, तुम्ही घासलं नाही? "घासतो कसा? बेटीनं दुकानात पाय ठेवू दिला असता का मले?"

ह्यांले सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "रत्ने, कॉफी कशी करतात?"