टोकं जाळायची राहिली

ताई,
वाकून नमस्कार. महिनाभर पत्र टाळलं, खोटं कशाला बोलू! रोज कागद घ्यायचो आणि त्यावर गाठींची चित्रं काढत बसायचो.

मी बरा आहे. खोली कोरडी आहे, दोन वेळ जेवतो. दुकानात चाव्या, टॉर्च, चाकू अडकवायच्या दोऱ्या विणतो. साध्या नायलॉनच्या दोरीची अशी गोल गाठ होते की तू बघत राहशील. आईचा गुडघा कसा आहे? मांजरीला पिल्लं झाली का?

हं, सांगायचं ते राहिलंच. गाठ झाली की दोरीची टोकं जाळून चिकटवायची, नाहीतर ती सुटते. एका रंगाऱ्याला भिंत खरवडायचा पत्रा मनगटाला अडकवायची दोरी करून दिली. गप्पांच्या नादात टोकं जाळायची राहिली. तिसऱ्या मजल्यावरून पत्रा निसटला, तो खाली उभ्या असलेल्या त्याच्या भावाच्या खांद्यात घुसला. चौदा टाके पडले.

दुकानाच्या मालकीणबाई एवढंच म्हणाल्या, "गाठ दिसायला छान होती हो."

तेव्हापासून हात चालत नाही. गुपचूप दुसऱ्या गावी निघून जावंसं वाटतं, माझं तुला माहीतच आहे. आईला यातलं काही सांगू नकोस.

थांब, कुणीतरी आलंय.

ताई, त्या रंगाऱ्याचा भाऊच आलाय! हात गळ्यात बांधलेला. म्हणतो, "नवी दोरी कर, माझ्यासमोर. टोकं जाळलेली बघितल्याशिवाय मी उठणार नाही." स्टूल ओढून बसलाय. बाई काडेपेटी शोधतायत, तेवढ्यात हे लिहितोय. दोरी मापून मांडीवर घेतलीय गं.

तुझा,
भटक्या