अकरावं सॅम्पल

३ ऑक्टोबर

ताईला आमचीच नळी घालणार! सकाळी भावोजींचा फोन आला. ताईने तो त्यांच्या हातातून ओढूनच घेतला. "अगं, डॉक्टरांनी तीन कंपन्यांची नावं सांगितली. मी म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीने केलेली द्या!" चोवीस तारीख ठरली आहे.

मी "अरे वा" म्हणाले. दोनदा म्हणाले. मग ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले.

५ ऑक्टोबर

इथे तरी सरळ लिहावं.

कण्याजवळ ठेवायची नळी, बुटाच्या नाडीपेक्षा बारीक. आतून औषध जातं, भिंतीतून दोन तारा, टोकाशी धातूच्या कड्या. कड्यांतून नसेला हलका करंट मिळतो आणि दुखणं मेंदूपर्यंत पोचत नाही. पहिली कडी नळीला जिथे जोडली जाते तो सांधा माझ्या डिझाइनचा. माणूस वाकला की तोही वाकतो. म्हणून कोमट मिठाच्या पाण्यात, मशिनवर क्लॅम्पच्या चिमट्यात धरून, लाख वेळा वाकवून बघायचा. बारा सॅम्पल. बाराही टिकायला हवीत.

गेल्या वर्षी अकरावं एकाहत्तर हजारांवर तडकलं. सांध्यापाशीच. औषध बाहेर झिरपत होतं.

साहेबांनी खोटं लिही असं म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "क्लॅम्पमुळे तर नाही ना?" बुडत्याला काडीचा आधार! मी लिहिलं — क्लॅम्प जास्त आवळला गेल्यामुळे सॅम्पल बाद. जागी नवं लावलं, ते टिकलं. बारापैकी बारा.

क्लॅम्प मास्तर लावायचे. टेस्टिंगच्या खोलीत बावीस वर्षं काढलेला माणूस. सगळ्यांच्या नोंदवह्या लाल पेनने दुरुस्त करतात म्हणून मास्तर. माझ्या त्या एका ओळीमुळे त्यांना पॅकिंगला पाठवलं.

९ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत मास्तर समोर आले. "काय मॅडम, बरं आहे ना?" एवढंच. चोराच्या मनात चांदणं — मी अर्धं ताट टाकून पळाले.

१२ ऑक्टोबर

ताईकडे गेले. चार वर्षांपूर्वी ती शिडीवरून पडली, तेव्हापासून वाकलं की कण्यातून पायात कळ जाते, म्हणून तिला वाकता येत नाही. हातातून पडलेली वस्तू दिवसभर जमिनीवर तशीच. संध्याकाळी भावोजी येऊन उचलतात. आज एक चमचा, दोन पेनं, रुमाल, चाव्यांचा जुडगा. "प्रदर्शन भरवलंय," ताई म्हणाली, "तिकीट नाही!" हसता हसता पाय धरून थांबली. ओठ पांढरे पडले होते.

मी म्हटलं, "ताई, जरा थांबू या का? दुसऱ्या कंपनीचीही बघू."

"का गं?"

सांगायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. आणि काय म्हणाले? "असंच. काळजी वाटते."

"तू लहानपणापासूनच भित्री! पहिली यायचीस, तरी निकालाच्या दिवशी पोट दुखायचं तुझं." माझ्या गालावरून हात फिरवला. मला स्वतःची किळस आली.

१५ ऑक्टोबर

शेवटी पॅकिंगमध्ये गेले. मास्तर खोक्यांवर लेबलं चिकटवत होते, एकही वाकडं नाही. दार लावून घेतलं आणि सगळं बोलून टाकलं. रडलेसुद्धा.

त्यांनी हातातलं लेबल नीट दाबून बसवलं. मग ड्रॉवरमधून चष्म्याची जुनी पेटी काढली. आत कापसात अकरावं सॅम्पल! "टाकवेना," म्हणाले. "हे बघा, क्लॅम्पचा वळ इथे. तडा तिथे. चांगलं बोटभर अंतर आहे, मॅडम."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"सही तुमची होती. म्हटलं, आज ना उद्या तुम्हीच याल. वर्ष लावलंत."

चिडले असते तर बरं झालं असतं. पेटी माझ्या हातात ठेवली आणि पुढचं खोकं ओढलं.

१६ ऑक्टोबर

आज जमलं नाही. साहेब मीटिंगमध्ये होते.

खोटं! अर्धा तास एकटेच बसले होते, दार उघडं होतं. मी दोनदा समोरून गेले. उद्या नक्की.

१७ ऑक्टोबर

सांगितलं!

पेटी टेबलावर ठेवली. साहेब बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "आणि हे आत्ता सांगतेस? वरातीमागून घोडं!" पण दुपारपर्यंत माल थांबवला, हॉस्पिटलांना कळवायला सुरुवात केली. आजवर चाळीसेक जणांना बसवली आहे. चाळीस माणसांच्या पाठी. तो आकडा आता जन्मभर माझ्या मानेवर. नोकरी बहुतेक जाईल, जाऊ दे. मास्तरांची चूक नव्हती, हे मात्र सहीनिशी लिहून दिलं.

ताईला फोन लावला. भावोजींनी उचलला. "झोपली आहे. उद्या तीच करेल तुला." आवाजात हसू होतं, का कोण जाणे. असो, चोवीसला अजून आठवडा आहे. चार शिव्या घालेल, आणखी काही महिने दुखणं काढेल, पण वाचली! किती दिवसांनी पोटभर जेवले.

१८ ऑक्टोबर

ताईचा फोन. "रागावू नकोस हं. सोळालाच करून घेतलं! एक पेशंट ऐनवेळी आला नाही, जागा मिळाली. तू उगाच घाबरतेस म्हणून मीच यांना सांगू दिलं नाही. पाय दुखत नाही गं! डॉक्टर वाकू नको म्हणालेत, पण मघाशी पेन पडलं ना, ते माझं मी उचललं! थांब, परत उचलते. ऐक —"

फोनमधून पेन पडल्याचा आवाज आला.