दोनशे तीस व्होल्ट

११ मार्च २०२५
आज हीटरचं प्रॅक्टिकल. हजार वॅटचा हीटर, एक व्होल्टमीटर, एक अॅमीटर. व्होल्टला करंटने भागलं की रेझिस्टन्स, दोघांचा गुणाकार केला की पॉवर. शाळकरी पोराचं गणित. तरी नेहमीप्रमाणे जुनी फाईल टेबलावर टाकली — २३० व्होल्ट, ४.३५ अँपिअर, ५२.९ ओहम, १००० वॅट. उतरवा आणि सुटा. चौदा वर्षं आमच्या आयटीआयमध्ये हेच चाललंय. फाईल कोणाची ते आठवत नाही, नावाचं पान केव्हाच फाटलं. अक्षर मात्र मोत्यासारखं.

बावीस जणांनी उतरवलं. तेविसावी रुखमिणी. सानगडीहून बसने येते, वय चौतीस. नवरा लाइनमन होता, खांबावर शॉक लागून गेला. ठेकेदार त्याच्या जागी घ्यायला तयार आहे, पण जुलैची परीक्षा पास झाली तरच. या बाईने खरंच मीटर लावले आणि लिहिलं — १८४ व्होल्ट, ३.५ अँपिअर, ५२.६ ओहम, ६४४ वॅट.

वर्गात मोठ्याने वाचलं. "हीटरवर तर हजार लिहिलंय. बाकीचे साडेतीनशे वॅट कुठं गेले, रुखमिणीबाई? डब्यात भरून नेले का?"

पोट धरून हसले सगळे.

"सर, मीटर १८४ दाखवून राहिला."

"मग मीटर शहाणा का मी?"

पान फाडलं.

१२ मार्च
इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. बाईचं बरोबर आहे. ओहम जवळपास तेवढाच आला, यातच सगळं आलं. उन्हाळी धानाचे पंप सुरू असताना साकोलीत दुपारी २३० कोणी पाहिलेत? व्होल्ट उतरला की वॅट उतरणारच. मला काय कळत नाही? पण आता बावीस फाइली नव्याने लिहून घेऊ? आणि चौदा वर्षांच्या फाइलींचं काय?

२० मार्च
तिला एकटीला बसवलं. जुनी फाईल हातात दिली, म्हटलं उतरव. तासभर बसली. पानं उलटत होती, ओळींवरून बोट फिरवत होती. एक अक्षर उतरवलं नाही. असला माज!

२१ मार्च
तिला दिवसभर बाहेर उभं केलं. ऊन चांगलंच होतं.

२ एप्रिल
तिच्याकडे एक वही सापडली. रोजचं घरचं रीडिंग, वेळ घालून. सकाळी २०८, दुपारी १७९, संध्याकाळी १९१. वर्गातच विचारलं, "काहून मोजते रोज? काय भेटते?"

म्हणाली, "त्यायले सांगतलं होतं, लाइन बंद आहे म्हणून. त्यायनं मोजलं नाही."

मी म्हणालो, "आता मोजून परत येणार आहे का तो?"

कोणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मागच्या बाकावरचा कुलदीप, जो कशावरही दात काढतो, तोसुद्धा खाली बघत राहिला. बसायला सांगितलं, तर ती उभीच.

नको होतं बोलायला. बोललो खरं.

१६ मे
सांगून टाकलं — फाईल पूर्ण नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही. दुपारी तिने टेबलावर आणून ठेवली. २३०, ४.३५, ५२.९, १०००. शेवटी वळणावर आली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ जुलै
परीक्षा. बाहेरचे परीक्षक तरुण निघाले, फार हौशी. सकाळीच रुखमिणीला बाजूला घेऊन सांगितलं, "आज २३०च. तुझ्यापायी बावीस पोरांचं वाटोळं झालं तर तू भरून देशील का?"

एकच बाई, म्हणून त्यांनी तिलाच पुढे बोलावलं. हीटर लावला. पाऊस दडी मारून बसलाय, धानाच्या रोवणीला सगळे पंप चालू. काटा १७८ वर. मला दारातून दिसत होता.

"किती व्होल्ट?"

तिने मीटर पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही.

"दोनशे तीस."

"मीटर समोर आहे आणि २३० कुठून आणलं, बाई? उद्या खांबावर चढाल तर मराल." मग मला म्हणाले, "सर, हिला वाचताही येत नाही?"

"घरची परिस्थिती आहे साहेब, लक्ष लागत नाही," मी म्हणालो.

ती एक शब्द बोलली असती तर मी संपलो असतो. बाकीच्या फाइलींवर चहासोबत सह्या झाल्या.

२८ जुलै
निकाल. तेवीसपैकी बावीस पास. प्राचार्यांनी पाठ थोपटली.

३१ जुलै
रुखमिणी आली. ठेकेदाराने दुसऱ्याला घेतलं म्हणे. भांडायला आली असं वाटलं, उत्तरंही तयार ठेवली होती. लागली नाहीत.

"सर, थे जुनी फाईल मले देता का? अक्षर त्यायचं आहे. भोजराजचं."

तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव पहिल्यांदाच ऐकलं. फाईल काढली, शेवटचं पान उघडलं. २०११. खाली माझा शेरा — उत्तम. माझी सही.

चेहरा आठवेना. खूप आठवून पाहिलं.

"आधी काहून नाही सांगितलं?"

"तुमी म्हटलं असतं, नवऱ्याचं तरी उतरव."

खरं आहे. म्हटलंच असतं. तिला म्हणालो, सोमवारी ये.

४ ऑगस्ट, सोमवार
नवी बॅच. रुखमिणी सकाळपासून फाटकाशी बसून होती. मी तीच फाईल टेबलावर टाकली आणि पोरांना म्हटलं, उतरवा.