वेळ झाली, बाहेर काढा

३ मार्च, सोमवार. सकाळी १०:५०

आजपासून रोज लिहायचं. प्रयोगशाळेत शब्दावर कुणी विश्वास ठेवत नाही, पुरावा लागतो.

चार चाळण्या तयार. तीन महिने ॲल्युमिनियमच्या चकत्या आम्लात बुडवून, वीज सोडून, एकेक तयार केली. ॲल्युमिनाची, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडची, नखाएवढी, काचेसारखी, आणि तिला कोट्यवधी सरळ भोकं. पाण्यातले जंतू गाळले जातील. भोकं जरा अरुंद आहेत. फॉस्फोरिक आम्लात चाळीस मिनिटं ठेवली की रुंद होतात. किरकोळ काम. शुक्रवारी सरांना एक धड चाळणी दाखवायची, नाहीतर माझं टेबल दुसऱ्याला. हवी एक, आहेत चार.

१०:४० ला पहिली टाकली. नियमाप्रमाणे फळ्यावर वेळ लिहिली. बीकर माझ्या कपाटात, कुलूप लावून. किल्ली एकच, माझ्या खिशात.

बाईंवर लक्ष ठेवायला हवं. वीस वर्षं इथे टेक्निशियन. रबरी तळव्याचे बूट घालतात. मनात काही नसेल तर माणूस आवाज करत चालतो. गेल्याच आठवड्यात बजावलंय, मला तोंडी काही सांगायचं नाही, जे काय ते लेखी.

दुपारी २:३०

चोरी! बीकरमध्ये नुसतं आम्ल. मी फक्त सरांच्या केबिनबाहेर होतो. बाई आत गेल्या होत्या. त्या बाहेर आल्यावरही थांबलो, सर फोनवर कुणाशी बोलतात ते बघायला.

कपाटावर चिठ्ठी: ‘११:२०. वेळ झाली. बाहेर काढा.’ सही नाही. कुणाला बाहेर काढा? मलाच. सरांकडे जायची चिठ्ठी चुकून माझ्या कपाटावर लागली असणार. वहीत चिकटवली.

४ मार्च, मंगळवार

१०:१५ ला दुसरी टाकली. कपाट बंद. मग तक्रार अर्ज लिहायला बसलो. पाच पानं झाली. मुद्देसूद लिहायचं तर वेळ लागतोच.

दुपारी १ ला बघतो तर दुसरीही हातोहात लांबवलेली. कुलूप जसंच्या तसं. नवी चिठ्ठी: ‘१०:५५ ला वेळ झाली. आता ११:४० झालेत. कृपया बाहेर काढा.’ ‘कृपया’ म्हणे! माणसाला हाकलतानाही शिष्टाचार.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अहो, आम्लात ठेवलं होतं ना, मग विरघळलं असेल. मी हसलो. चाळीस मिनिटांत विरघळत नाही म्हणालो. त्यावर, किती वेळ ठेवलं होतंत, असा उलट प्रश्न. हिला कुणी पढवलंय? कुठेतरी पाणी मुरतंय. फोन कुणाकुणाला करते ते बघायला हवं.

५ मार्च, बुधवार

निर्णय: आज बाईंना नजरेआड होऊ द्यायचं नाही. १०:०० ला तिसरी टाकली आणि त्यांच्यामागे राहिलो. त्या स्टोअरमध्ये, मी स्टोअरमध्ये. त्या चहाच्या मशीनपाशी, मी मशीनपाशी. दोनदा माझ्याकडे वळून, तोंड उघडून, गप्प बसल्या. मी बोटाने लिहिण्याची खूण केली.

त्यांनी लिहिलंच: ‘दोन तास होत आले. आता तरी बाहेर काढा, काही उरणार नाही.’

सरळसरळ धमकी! हीही वहीत व्यवस्थित चिकटवली. तिसरीही गेली. पण बाई तर दिवसभर माझ्यासमोर होत्या. म्हणजे साथीदार आहे.

६ मार्च, गुरुवार

शेवटची चाळणी. आता चूक नाही. ९:३० ला टाकली. कपाटाच्या दाराला चिकटपट्टी, पट्टीवर माझी सही, दाराला खुर्ची टेकवून खुर्चीवर मी. जेवलो नाही. उठलो नाही. बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. मी मान फिरवली. नंतर त्यांनी चिठ्ठी माझ्या मांडीवरच ठेवली. न वाचता खिशात टाकली. लक्ष विचलित करायचे हे जुने डाव.

संध्याकाळी ५:३०. पट्टी शाबूत. सही शाबूत. कुलूप शाबूत. बीकरमध्ये नुसतं आम्ल.

चोर आत शिरलाच नाही आणि माल गेला. हे साधंसुधं डोकं नाही. पण माझ्याकडे पुरावे आहेत. उद्या एकेकाचे चेहरे बघण्यासारखे होतील.

७ मार्च, शुक्रवार

सरांसमोर वही उघडली. बाईही होत्या. सरांनी चिठ्ठ्या सावकाश वाचल्या. मग म्हणाले, तुमच्या नोंदी वाचा, किती वाजता टाकली तेवढंच.

वाचलं. दहा चाळीस. ते चिठ्ठीवरून म्हणाले, अकरा वीस. वाचलं. दहा पंधरा. ते म्हणाले, दहा पंचावन्न. तिसरी नोंद न वाचताच वही मिटली. खिशातली कालची चिठ्ठी काढून दिली, ती त्यांनी स्वतः उलगडली: ‘शेवटची आहे. माझ्यावर राग असू दे, पण हिला बाहेर काढा.’

सरांनी बाईंना विचारलं, तोंडी का नाही सांगितलंत? बाई म्हणाल्या, त्यांनीच लेखी मागितलं होतं.

फार लाज वाटली. इतकी की सर पुढे काय म्हणाले ते नीट ऐकलंही नाही. टेबल सोमवारपासून बाईंकडे. मी स्टोअरच्या याद्या करायच्या. कपाटाची किल्ली दिली. कुलूप चांगलं आहे म्हणालो.

रात्री बायकोने विचारलं, काय झालं?

म्हटलं, विरघळलं.

ती हसली नाही. पान वाढलं आणि समोर बसून राहिली. बराच वेळ तिच्याकडे बघत होतो. संशय घेण्यासारखं काही सापडलं नाही.