ट्रस्टच्या गोळ्या

३ मार्च
आईचा स्कॅनचा रिपोर्ट आणायला मुलुंडला निघालो आणि भांडुपलाच उतरलो. खाडीवर फ्लेमिंगो आलेत म्हणे. गेलो, बसलो बघत. हॉस्पिटलची रिपोर्टची खिडकी बंद झाली, रिपोर्ट राहिला. आई म्हणाली, "पक्षी दिसले ना? मग झालं तर."

४ मार्च
आणला रिपोर्ट. गाठ वाढलीय.
आईच्या डॉक्टर गार्गी मॅडम हळू बोलल्या — "गोळी लागू पडत नाहीये. स्टडीतून नाव काढावं लागेल." नाव गेलं की गोळ्या बंद. नव्या गोळीचं संशोधन ट्रस्टच्या पैशावर चालतं, म्हणून तर फुकट मिळत होत्या. विकत घेणं आमच्या बापजन्मात जमणार नाही.
कळत नाही यार. रिकामी पाकिटं दर वेळी परत द्यावी लागतात, ती मीच देतो. सगळी रिकामी. मग लागू का पडेना?

६ मार्च
वाट लागली. आईने स्वतःच सांगितलं. रोजच्या दोन गोळ्यांतली एक तिची, एक प्रेमामावशीची. मावशी आमच्याच मजल्यावर राहते. तिलाही तोच कॅन्सर, पण किडनी खराब म्हणून तिला स्टडीत घेतलं नाही.
मी ओरडलो — "तो काय चहा आहे, कटिंग करायला?"
"दोघी एकत्र गेलो होतो रे तपासायला. मला मिळाली, तिला नाही. तिच्यासमोर मी दोन-दोन कशा गिळू?"
मग म्हणाली, "मॅडमना सांगू नकोस. ओरडतील."

७ मार्च
सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत. पेन खाली ठेवलं फक्त. म्हणाल्या, अर्ध्या डोसवर आजार गोळीला सरावतो. आता पूर्ण देऊनही उपयोग नाही.
तिथून चालत सुटलो ते थेट घाटकोपर. तिकडे काहीच काम नव्हतं.

१० मार्च
आईने शहाळ्याचे दोन घोट घेतले. बाकीचं मीच प्यायलो.

१५ मार्च
प्रेमामावशीने जिन्यात थांबवलं. हातात बिस्किटांचा डबा, आत गोळ्या. आईने दिलेल्या सगळ्या. एकही खाल्लेली नाही.
"मला झेपणार नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लताला नाही कसं म्हणू? तिला कधी कमी पडल्या तर असू देत, म्हणून ठेवल्या."
घरात आलो. आईने विचारलं, "काय म्हणते प्रेमा? गुण येतोय का तिला?"
हो म्हटलं.