जुन्या कॅप्सूल आधी

१२ फेब्रुवारी २००१, सोमवार
घरच्यांची प्रकृती कशी? सौ.चे गुडघे? कुरकुरताहेत. शंभूची मान? कॉम्प्युटरपुढे आखडलेली. सूनबाई शेफालीचं पित्त? ऑफिसातल्या जेवणाची कृपा. माझं बीपी? नावापुरतं.
नव्या डॉक्टरीणबाईंनी जुनी कॅप्सूल बंद करून नवी गोळी दिली. पोरगी हुशार, पण व्यवहार कच्चा. घरात जुन्या कॅप्सूलचे दोन खोके शिल्लक. मार्केट यार्डात चाळीस वर्षं गुळाचा व्यापार केला. जुन्या ढेपा संपल्याशिवाय नवा माल पुढे मांडला नाही. तेव्हा आधी जुन्या कॅप्सूल. सौ.ला सांगितलं नाही. तिच्या डोक्याला ताप कशाला.

१५ फेब्रु., सकाळी ७
कॅप्सूल घेतली. तोंड लाल, छातीत धडधड. औषध कामाला लागलं. सौ.ने विचारलं, सकाळी सकाळी कुणाशी भांडून आलात?

१८ फेब्रु.
शंभूच्या कात्रजच्या फ्लॅटची वास्तुशांत पुढच्या रविवारी. चौथा मजला, लिफ्ट बसायची आहे. तो म्हणाला, बाबा, खाली खुर्ची टाकतो. मी बरा खाली बसेन. नव्या घरात देव मीच नेणार. उद्यापासून आमच्याच जिन्यावर सराव.

२० फेब्रु.
दुसऱ्या मजल्यावर छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. गॅस. काल पावट्याची उसळ होती. थांबलो की दुखणं थांबतं, म्हणजे गॅसच.

२२ फेब्रु.
पुन्हा तेच. उसळ नव्हती. आजपासून एकाऐवजी दोन कॅप्सूल. सौ.ने विचारलं, नवी गोळी मानवते का? म्हटलं, काही तक्रार नाही. खोटं काय बोललो?

२६ फेब्रु., हॉस्पिटल
काल ताम्हनात देव घेऊन निघालो. तिसऱ्या मजल्याआधीच मटकन बसलो, शेजारच्या सौ.चा हात धरला. दरदरून घाम. देव शेफालीने वर नेले, मला चौघांनी खाली.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, नवी गोळी कधीपासून घेताय?"
म्हटलं, तिचा नंबर अजून लागलेला नाही.
"तुमच्या त्या कॅप्सूलने बीपी झपकन उतरतं. मग हृदय घाईने धावतं, आणि धावताना त्यालाच रक्त पुरत नाही. तुम्हाला मुळातच अंजायना आहे, हृदयाला रक्त कमी पडायचा आजार. म्हणून तर बंद केली होती."
सौ. शेजारीच उभी होती. पिशवी उचलून घरी गेली.

२८ फेब्रु.
अटॅक नव्हता म्हणतात. नवी गोळी नर्स समोर उभी राहून गिळायला लावते. सौ. आलेली नाही. डबा शंभू आणतो. आज रिकाम्या डब्यात चिठ्ठी घातली. नक्कल इथे ठेवतो:
"सौ. सुशीलास, मी बरा आहे. भाजी अळणी असते, ती तशीच असू दे. गॅस नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तुला सांगायची भीती वाटली. जिन्यात तुझा हात धरला तेव्हा खरंच घाबरलो होतो. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण डब्यात दोन ओळी टाक. लवकर लिही."