विहीणबाईंबरोबर एका खोलीत

लोअर हट,
१२ ऑगस्ट

तीर्थरूप ताईस,

शांतीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. विमानात दीड दिवस बसल्यापासून कंबर ते काम करायला तयार नाही.) तुझं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं आणि आता तुला वाचता येतं असं हरीश म्हणाला, तरी अक्षर मोठंच काढते आहे. भाऊजींचा खोकला कसा आहे? काढा देतेस की नुसती बोलतेसच त्यांना? इकडे थंडी आणि वारा दोन्ही पोटभर. काल वाळत घातलेला टॉवेल शेजारच्या बाई आज सकाळी 'किया ओरा' (इथला माओरी नमस्कार) म्हणून परत देऊन गेल्या. फोनच केला असता, पण इथली घरं लाकडी. या खोलीत कुजबुजलं की त्या खोलीतला माणूस उत्तर देतो. आणि त्या खोलीत महिनाअखेरपर्यंत विहीणबाई आहेत. म्हणून पत्र.

तर आमचा युरोप. सुरुचीला चाळीस पूर्ण झाली. तिने जाहीर केलं की पार्टी नको, गर्ल्स ट्रिप हवी. गर्ल्स म्हणजे ती, तिची ऋग्वेदा, तिची आई आणि तिची सासू. (त्यातली मी सहासष्टची, विहीणबाई अडुसष्टच्या. हरीशने हसू दाबायला तोंडात अख्खा टोस्ट कोंबला.) सूनबाई फार्मसीत असल्यामुळे सगळ्यांच्या गोळ्या वारांप्रमाणे डब्यांत भरल्या गेल्या, आणि बारा वर्षांच्या नातीने टाइमटेबल केलं: लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, बुडापेस्ट, चौदा दिवस. मी म्हटलं, अगं दम तरी घेऊ देशील ना? तर म्हणे, "हीप्स ऑफ टाइम, आजी." खोल्या दोन. एकीत मायलेकी, दुसरीत मी आणि विहीणबाई. हे मला ऑकलंडच्या विमानतळावर, सामान आत गेल्यानंतर सांगण्यात आलं.

तुला आमचं माहीतच आहे. स्थळ तूच आणलंस. लग्नात याच विहीणबाई, वसुंधराबाई, भटजींच्या माइकशेजारी उभ्या राहून आपल्या बहिणीला म्हणाल्या होत्या, "मुलाची आई जरा कडकच दिसते हो," आणि माइकने ते थेट पंगतीपर्यंत वाढलं. त्यानंतर चौदा वर्षांत आमच्यात एकदाही भांडण नाही. नुसता आदर. आणि ताई, आदर फार दमवतो गं.

लंडनला पहिल्याच सकाळी त्याची प्रचिती आली. मी म्हटलं, आंघोळीला आधी तुम्ही जा. त्या म्हणाल्या, छे, तुम्ही वरपक्षाच्या. मी म्हटलं, तुम्ही वयाने मोठ्या. असं करता करता दहा वाजता सुरुचीने दार वाजवलं तेव्हा आम्ही दोघी पारोशा, पलंगाच्या दोन टोकांना, मांडीवर टॉवेल घेऊन बसलो होतो. (पलंगही एकच होता. मधे उशांचं कुंपण.) घोडेस्वारांचा पहारा बदलतो तो सोहळा पाहायचा होता. आम्ही पोचलो तेव्हा घोडे निघून गेले होते आणि त्यांनी मागे ठेवलेलं एक जण फावड्याने गोळा करत होता. ऋग्वेदाने त्याचाच फोटो काढला.

पॅरिसला आयफेल टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावर विहीणबाईंनी कठडा असा धरला की बोटं पांढरी पडली. त्यांना उंचीची भीती आहे हे मला दिसत होतं, पण त्या सांगणार नव्हत्या आणि मी विचारणार नव्हते. शेवटी मीच म्हटलं, माझा गुडघा भरून आलाय, तुम्ही वर जाऊन या. त्या लगेच म्हणाल्या, तुम्हाला एकटीला कसं सोडायचं! मायलेकी वर गेल्या. आम्ही भिंतीला पाठ टेकून, पॅरिसकडे न बघता, तासभर बसलो. खाली उतरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, दुखत होता तो उजवा. लंगडलात डाव्या पायाने." त्याच पहिल्यांदा हसल्या, मग मी. उशांचं कुंपण त्या रात्री घातलं गेलं नाही. (उशा कमी पडतात, असं दोघींचंही मत पडलं.)

व्हिएन्नात आम्ही हरवलो. म्हणजे ट्राम आली, आम्ही दोघी चपळाईने चढलो, आणि दार बंद झालं. सुरुची आणि ऋग्वेदा खाली, हात हलवत. माझा फोन सुरुचीच्या पर्समध्ये, विहीणबाईंच्या फोनची बॅटरी संपलेली. मधे उतरावं तर कुठे ते कळेना, म्हणून शेवटपर्यंत गेलो. सगळे उतरले. ट्रामची ड्रायव्हर बाईच होती. ती येऊन जर्मनमध्ये काही म्हणाली, तर विहीणबाईंनी तिला स्वच्छ मराठीत सांगितलं, "अहो बाई, आमची मुलगी मागे राहिली." तिने हवेत बोटाने गोल काढला, बसा अशी खूण केली, आणि सिगरेट ओढायला गेली. ट्राम तिथूनच वळून परत जाणार होती.

त्या रिकाम्या ट्राममध्ये आम्ही दहा मिनिटं बसलो असू. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, आता मनुरेवाला लेकाकडे कधी परतणार? त्या म्हणाल्या, "परतून काय, अभिषेक पर्थला चाललाय. नोकरी तिकडे लागली. डिसेंबरात जातील सगळे."

"आणि तुम्ही?"

"मी सांगलीला. फ्लॅट आहे ना आपला. तिथे मला बरं वाटतं."

असं म्हणून त्या ओढणीच्या टोकाने खिडकीची काच पुसायला लागल्या. काच स्वच्छच होती, ताई. व्याही जाऊन दोन वर्षं झाली. त्या फ्लॅटचं कुलूप तेव्हापासून कुणी उघडलेलं नाही. सुरुचीला सांगितलं का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, तिचा वाढदिवस आहे, नंतर बघू.

परत पोचलो तर सुरुची स्टॉपवर रडवेली उभी. तिने धावत येऊन मला घट्ट मिठी मारली, मग आईला. कुठली आई आधी हाती लागली हे तिच्या लक्षातही आलं नाही. मग दोघींना सारखंच झापलं.

बुडापेस्टला गरम पाण्याचे मोठे हौद आहेत, उघड्यावर, आणि त्यात उतरायचं तर टॉग्ज घालावे लागतात. (पोहायच्या कपड्यांना इकडचं नाव. सुरुचीने आमच्यासाठी गुडघ्यापर्यंतचे, बाह्यांचे आणले होते, तरी खोलीतून बाहेर पडायला आम्हाला पाऊण तास लागला.) ऋग्वेदा म्हणाली, "आजी, ऑनेस्टली, नोबडी केअर्स." खरंच कुणी पाहिलं नाही. आमच्याहून म्हाताऱ्या, आमच्याहून रुंद बायका मजेत डुंबत होत्या. आणि छातीभर पाण्यात उभे राहून चार आजोबा बुद्धिबळ खेळत होते.

विहीणबाई तिथेच थांबल्या. व्याही रोज संध्याकाळी पट मांडायचे आणि समोर कोणी नसलं की यांना बसवायचे, हे मला तेव्हा कळलं. पाच मिनिटं त्यांनी पटावरून नजर हलवली नाही. मग एकदम ओरडल्या, "अहो घोडा! घोडा हलवा ना!" आजोबा दचकले. यांनी बोट दाखवलं. त्यांनी घोडा हलवला आणि समोरच्याने कपाळावर हात मारून घेतला. पुढचा डाव त्यांनी विहीणबाईंना दिला. हरल्या, पण तासभर झुंजल्या, आणि शेवटी हसता हसता तोंडावर पाणी मारत राहिल्या, बराच वेळ. मी दुसरीकडे बघत त्यांचा हात धरून उभी होते. पाण्याखाली, कुणाला दिसणार नाही असा.

बाकी सर्व ठीक. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
शांती

ता. क. मुख्य राहिलंच. (खरं तर त्याच्यासाठीच एवढी पानं.) विहीणबाईंनी कायमचं इथे आमच्याकडे राहावं असं मला वाटतं. अभिषेकचं आता त्यांनी सुरुचीला सांगितलंय. ती आणि हरीश दोघेही तयार आहेत, पण सुरुची म्हणते, आई माझं ऐकणार नाही. मी विचारलं तर लेकीच्या सासरी कसं राहायचं म्हणतील, आणि मी बरं म्हणून गप्प बसेन. तू आमच्यात मोठी, त्यांना तुझा मान आहे. तू लिही की आमच्या घरात तुम्ही हव्या आहात. मी सुचवलं म्हणून सांगू नकोस.

ता. क. २. पाकीट शोधत होते तर विहीणबाई दारात. म्हणाल्या, तुमच्या ताईंचा मिरजेचा पत्ता हवा होता, एक विचारायचंय, तुमच्या तोंडावर विचारायला जीभ रेटत नाही. वेगळं पाकीट कशाला, म्हणून त्यांनी आपली घडी माझ्याकडेच दिली. मी ती उघडलेली नाही. तेव्हा पत्रं दोन येताहेत. उत्तर मात्र दोघींना मिळून एकच लिही.